दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

मंगळवार, ६ फेब्रुवारी

फोन आला तेव्हा एका वकिलाचा काळा कोट माझ्या हातात होता.

"चंद्र वाळत घातलाय, तो तुम्हीच का?" पलीकडून एक तरुण मुलगी.

म्हटलं, "पावतीचा नंबर सांगा."

ती खळखळून हसली. म्हणाली, "पावती नाही हो, रेकॉर्ड. नीळ आणि मंडळी. तुम्ही गायलात ना त्यात?"

मी इस्त्री उभी केली. कोट वाचला हे वकिलाचं नशीब! चाळीस वर्षांत आमच्या बँडचं नाव या दुकानाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुकानात आई कधीतरी घेते, तेही टोमणा मारायचा असेल तेव्हाच.

उद्या येते म्हणाली. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणतो, "विमा विकणारी असेल. सगळं ऐकून घे आणि सही करू नकोस."

बुधवार, ७ फेब्रुवारी

विमावाली नाही! गोल, मोठा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, वय तिशीच्या आत. आजपासून चष्मेवाली. पिशवीतून तिनं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, तान्हं बाळ उचलावं तसं. आमची रेकॉर्ड. माझ्या धाकट्या भावानं काढलेलं तेच चित्र — दोरीवर चंद्र, त्याच्या दोन्ही कानांना चिमटे.

मी हात पुसले आणि मग धरली. डोळे भरून आले. लपवायचा प्रयत्न केला नाही.

तिच्या आजोबांच्या कपाटात सापडली म्हणे. ते गेल्यावर कपडे काढले, त्यात एक पांढरा शर्ट, घडी कधी मोडलीच नव्हती, आमच्या दुकानाची चिठ्ठी टाचलेली. शर्टाच्या घडीत पुठ्ठ्याच्या जागी ही. कव्हरसकट!

ती कौतुकानं सांगत होती आणि माझा जुना राग वर येत होता. रेकॉर्ड निघाली तेव्हा कुणी विकत घेतली नाही. दुकानामागे खोक्यांत पडून होती. मी एकवीस वर्षांची. एक दिवस पाहते तर बाबा शर्टांच्या घड्या घालतायत आणि प्रत्येक घडीत पुठ्ठा म्हणून आमची रेकॉर्ड सरकवतायत. मी ओरडले. बाबा म्हणाले, "साइज बरोबर बसते." बस्स, इतकंच. मग कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

चष्मेवाली घरच्या घरी एक छोटी रेकॉर्ड कंपनी चालवते. लोक विसरलेल्या गोष्टी शोधून पुन्हा काढते. आमचं एक गाणं तिनं इंटरनेटवर टाकलं आणि कुठकुठल्या देशांतले लोक ते ऐकत बसलेत. आमच्या संगीताला नावही आहे — सायकेडेलिक फोक. मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "तापात पडल्यावर सगळं कसं गोड आणि तिरकं दिसतं, तसं गाणं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या काळात तुम्ही सगळे काय घ्यायचात?"

"चहा," नवरा म्हणाला. "आणि ब्लीचचा वास फुकट."

तिला रेकॉर्ड पुन्हा काढायची आहे. आणि आम्ही पुन्हा गायला हवंय. तेही इथेच, लाँड्रीत, जिथे ती केली तिथे. मार्चअखेरीला.

मी हो म्हणून बसले. बाकीच्यांना विचारायचं भानच राहिलं नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आईला सांगितलं. "पुन्हा ती कटकट?" म्हणाली आणि मोज्यांच्या जोड्या लावत बसली. त्र्याऐंशीव्या वर्षीही तिच्या हातून मोजा हरवत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

दुकान बंद. सगळे जमले!

सगळे म्हणजे आम्ही चौघं. धाकटा, म्हणजे माझा भाऊ. गिटार वाजवायचा. मोडक्या रेडिओचे भाग जोडून त्यानं एक डबी बनवली होती, तिच्यातून गिटार पाण्याखाली बुडाल्यासारखी ऐकू यायची. आता शाळेची बस चालवतो. दातवाला — धाकट्याचा वर्गमित्र, बासरी. त्याचा दातांचा दवाखाना चांगला चालतो, बासरी कशी चालते ते आज कळलं. आणि माझा नवरा. तो तेव्हा नवरा नव्हता, समोरच्या सुताराचा मुलगा होता. टब, बादल्या, लोखंडी हँगर, हाताला येईल ते बडवायचा. त्याच्या बडवण्यावर भाळून मी लग्न केलं. माणसाची मती कुठे गुंग होईल सांगता येत नाही.

चष्मेवालीनं रेकॉर्ड लावायचं यंत्र आणलं. आमच्याकडे कुणाकडेच नाही. तीसेक वर्षांनी ऐकली! पहिल्या गाण्याला धाकटा लाजला. दुसऱ्याला दातवाला म्हणाला, "बासरी कोण वाजवतोय? बरा आहे की." आणि मी — काय आवाज होता गं बाई माझा! स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली.

मग दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. 'चंद्र वाळत घातलाय.'

त्या गाण्याखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सूर आहे. खोल, मऊ, गरम. तो हत्तीचा. हत्ती म्हणजे मागच्या खोलीतलं कपडे पिळायचं जुनं मशीन. भलामोठा ड्रम, वर झाकण, रिकामा फिरवला की घुमायचा. आम्हाला सूर धरून द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मग आम्ही सगळी वाद्यं हत्तीशीच जुळवली! जगात असा दुसरा बँड नसेल, चष्मेवाली म्हणाली. ती हे स्तुती म्हणून म्हणते.

तिनं विचारलं म्हणून सगळं सांगितलं. टेप रेकॉर्डर दातवाल्याच्या काकांचा, एकाच रविवारपुरता मिळालेला. आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून पुढच्या इस्त्रीच्या खोलीत दोऱ्यांवर ओल्या गोधड्या आणि ब्लँकेटं टांगली होती. माइक हँगरला लटकवला होता. बाकीची गाणी झाली. शेवटच्या गाण्याला हत्ती सलग हवा होता, म्हणून बाबांना मागे बसवलं. नवऱ्यानं भिंतीवर तीन ठोके मारायचे, बाबांनी बटण दाबायचं. ठोके मारले. थोडा वेळ काहीच नाही. मग सूर आला. आणि आम्ही गायलो. एकदाच. टेप तेवढीच उरली होती.

"या दोन जागा," चष्मेवालीनं बोट वर केलं, "इथे तो सूर एकदम थरथरतो, तुटायला येतो. लोक या दोन जागांसाठी वेडे झालेत."

"वीज," धाकटा म्हणाला. "तेव्हा वीज सारखी कमी-जास्त व्हायची."

मला आणखी एक आठवतं, ते मी तिला सांगितलं नाही. गाणं संपलं, आम्ही एकमेकांना मिठ्या मारतोय, तेवढ्यात गोधडी बाजूला सारून बाबा दारात. चेहरा लालबुंद, आवाज घोगरा. "संपलं का एकदाचं?" म्हणाले. तांब्याभर पाणी घटाघट प्यायले आणि निघून गेले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर गाण्यावर माझ्या वडिलांचं मत इतकंच. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन, पण हा काटा निघत नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

पहिली तालीम. देवा! धाकट्याची बोटं बसच्या चाकाला सरावलेली, गिटारवर वळेनात. दातवाल्याला दोन ओळींत धाप लागते. नवरा तेवढा जोरात. वयाचा परिणाम त्याच्या कानांवर झालाय, हातांवर नाही.

माझा आवाज सकाळी गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. दुपारपर्यंत त्याला तेलपाणी मिळालं. संध्याकाळी एक जागा अशी लागली की धाकटा वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, "ताई, तू आहेस अजून."

आई मधल्या दारात खुर्ची टाकून बटणं लावत होती. "झालं का?" म्हणाली. बाबांचीच री.

बुधवार, २१ फेब्रुवारी

चष्मेवालीनं फोनवर लोकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. शेवटच्या गाण्यातला तो सूर कशाचा, यावर वाद चाललाय. एकजण म्हणतो मधमाश्यांचं पोळं. दुसरा म्हणतो दहा माणसांनी शंख फुंकले असणार. तिसऱ्यानं तर मोठा लेख लिहिलाय — हे एका लुप्त झालेल्या वाद्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण आहे!

लुप्त झालेलं वाद्य मागच्या खोलीत आहे आणि त्यात जुने हँगर भरलेत.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

हत्तीला मोकळा केला. पोटातून हँगर, तुटक्या टोपल्या, एक छत्री आणि माझा हरवलेला स्वेटर निघाला. मिस्त्री आला. आमची आताची मशीनं तोच बघतो. त्यानं हत्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "हे मी फक्त फोटोत पाहिलंय." पण लागला कामाला. पट्टा बदलला, तेल घातलं, वायर नवी. दुपारी चारला बटण दाबलं.

फिरला! सगळं दुकान हाललं, रॅकवरचे शर्ट नाचायला लागले. आम्ही टाळ्या पिटल्या. नवऱ्यानं हत्तीला हात जोडले.

मग धाकट्यानं गिटार आणून सूर लावून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. सूर तो नाहीच. दीड पट्टी खाली. आणि नुसता खाली नाही, खरखरीत. गाण्यातला सूर मायेचा आहे. हा भांडायला उठल्यासारखा.

रविवार, ३ मार्च

चौघांची चार मतं. नवरा म्हणतो पट्टा जाड बसवलाय. धाकटा म्हणतो तेव्हाची वीज वेगळी. दातवाला म्हणतो रेकॉर्ड तयार करताना वेग चुकला असेल. मिस्त्री म्हणतो चाळीस वर्षांनी तुमचा तरी आवाज तोच आहे का? त्याला चहा दिला नाही मी.

पट्टा पातळ लावला. नाही. ड्रममध्ये दोन ओली ब्लँकेटं टाकली. नाही. झाकण उघडं ठेवून पाहिलं, मग मिस्त्रीच्या टोपीचं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

आई मोज्यांमधून मान वर न करता म्हणाली, "कशाला छळताय त्या हत्तीला? त्याच्यानं नाही व्हायचं ते."

आमच्या उत्साहावर पाणी ओतायची संधी तिनं कधी सोडली नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात पडदेवाली बाई आली आणि तिच्या पडद्यांवरचा डाग दाखवत बसली.

रविवार, १० मार्च

आज खटका उडाला. चष्मेवालीनं सुचवलं, तो सूर रेकॉर्डवरून वेगळा काढून स्पीकरवर लावू, तुम्ही त्यावर गा. धाकटा तयार, दातवाला तर ताबडतोब तयार. मी नाही म्हटलं. फार जोरात म्हटलं असावं, कारण नवऱ्यालाही ऐकू गेलं.

मला का नको ते त्यांना नीट सांगता आलं नाही. इथे लिहिते. चाळीस वर्षं मी लोकांच्या कॉलरी घासल्या. तक्रार नाही, माझं दुकान मला आवडतं. पण त्या एका दुपारी त्या सुरावर मी गायले, तेव्हा आपल्या पाठीशी कुणीतरी भक्कम उभं आहे असं वाटलं होतं. मशीन होतं, माहीत आहे. तरी वाटलं होतं. तसं मला मरायच्या आधी एकदा पुन्हा गायचंय. स्पीकरवर नाही. तो सूर भिंतीमागून यायला हवा.

शेवटी ठरलं — हत्ती जसा आहे तसा घ्यायचा. गिटार दीड पट्टी खाली उतरवायची, दातवाल्यानं मोठी बासरी आणायची, आणि मी खाली गायचं. गाऊन पाहिलं. जमतं, पण रस नाही. ताक आहे, लोणी कुणीतरी काढून नेलंय.

गुरुवार, १४ मार्च

दातवाल्यानं एका पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवलं आणि मला फोनवर बासरीचा नवा तुकडा ऐकवला. पेशंटनंही "आं" करून दाद दिली म्हणे.

रविवार, २४ मार्च

हत्तीसकट पूर्ण तालीम. नऊ गाणी छान! खरंच छान. 'बुडबुड्यांचा राजा' वाजवताना धाकट्यानं ती रेडिओची डबी काढली, माळ्यावरून शोधून, आणि ती चालू झाली! आम्ही चौघंही पाण्याखाली गेलो. चष्मेवाली गोधड्यांमध्ये डोळे मिटून उभी होती. एवढ्या वर्षांनी कुणीतरी आमच्यासाठी डोळे मिटले.

दहावं गाणं मात्र तसंच. ताक.

हत्तीला थोडा जळका वास येतोय. मिस्त्री म्हणतो नवीन वायरचा आहे, जाईल.

आईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. नको म्हणाली. "मी मागे बसेन, मिस्त्रीजवळ. गर्दीत माझा जीव घाबरतो." म्हणजे ऐकणारच नाही. हत्तीशेजारी बसल्यावर हत्तीशिवाय काय ऐकू येणार? मला वाईट वाटलं. तोंडावर बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तू गा गं. माझं काय घेऊन बसलीस?"

शुक्रवार, २९ मार्च

उद्या कार्यक्रम. आई कालपासून मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतेय. या धांदलीत सर्दी धरून बसली नाही म्हणजे मिळवलं.

रविवार, ३१ मार्च

काल संध्याकाळी झाला.

गोधड्या तशाच टांगल्या होत्या, ओल्या. इस्त्रीची टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या. वाटलं होतं वीसेक लोक येतील. दारापलीकडे रस्त्यावर उभे होते! रोजची गिऱ्हाईकं, धाकट्याच्या बसमधल्या मुलांचे आईबाप, दातवाल्याचे पेशंट. आणि ओळखदेख नसलेली पंचवीस-तीस तरुण मुलं, रात्रभर प्रवास करून आलेली. एकीच्या दंडावर आमचा चंद्र गोंदलेला, चिमट्यांसकट. वकीलसाहेब तोच काळा कोट घालून आले होते. कडक इस्त्री. माझीच.

पहिल्या गाण्याआधी मी घाबरले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहून बादलीवर दोन टिचक्या मारल्या, लग्नाआधी मारायचा तशा. मग कसली भीती!

गाणी झाली एकामागून एक. मुलांना शब्द पाठ! 'बुडबुड्यांचा राजा'मधली एक ओळ मी विसरले तर समोरून तीस जणांनी ती मला परत दिली. दातवाल्याला धाप लागली तर लोकांनी टाळ्या वाजवून त्याला श्वास घ्यायला वेळ दिला. धाकटा हसत होता. तो सहसा हसत नाही, समोरचे दोन दात मोडलेत म्हणून. त्याचा मित्र दातवाला असून!

आणि मग शेवटचं. धाकट्यानं गिटार दीड पट्टी खाली उतरवली. मी मनातल्या मनात ताक पिऊन घेतलं. नवऱ्यानं भिंतीवर तीन ठोके मारले.

काहीच नाही.

मागे काहीतरी खडखडलं. जळका वास आला. मिस्त्री काहीतरी पुटपुटला, आई त्याला काहीतरी म्हणाली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगणार होते, माफ करा, हे गाणं राहू दे. तोंड उघडलंही होतं.

आणि भिंतीमागून सूर आला. तोच! तालमीतला नाही, रेकॉर्डवरचा. आमच्या जुन्या पट्टीत. जरा बारीक होता, पण तोच, तसाच मऊ, तसाच गरम. धाकट्यानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि भराभर खुंट्या पिळत गिटार वर आणली. दातवाल्यानं मोठी बासरी खाली ठेवून कोटाच्या खिशातून जुनी काढली. आणलीच होती पठ्ठ्यानं, कुणाला न सांगता. लोकांना वाटलं हा गाण्याचाच भाग आहे.

मी गायले. वर, माझ्या जुन्या जागी. आवाज जाईल का याचा विचारच केला नाही आणि तो गेला. एकसष्टाव्या वर्षी! सूर मध्ये मध्ये थरथरत होता, तुटून पुन्हा लागत होता, रेकॉर्डवर दोनदा थरथरतो त्यापेक्षा पुष्कळ वेळा. पण मला ती वीजही जुन्या मैत्रिणीसारखी वाटली. पाठीशी कुणीतरी उभं होतं. पुन्हा. मी रडत गायले आणि माझा सूर हलला नाही.

संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. चष्मेवाली चष्मा काढून पुसत होती, तिच्या ओल्या नाकासकट मी तिला जवळ घेतलं.

मागे धावले. मिस्त्रीला मिठीच मारणार होते, पण तो घामाघूम, फ्यूज हातात धरून नुसता बघत उभा. म्हटलं, "जमवलंस रे बाबा!" तो काहीतरी बोलायला लागला तर माणसांचा लोंढा आत आला. आई खुर्चीत बसून पाणी पीत होती. चेहरा लाल. गर्दीचा त्रास झाला असणार. मी विचारलं, "कसं झालं?"

"संपलं का एकदाचं?" म्हणाली. घोगऱ्या आवाजात.

काल मला त्याचंसुद्धा हसूच आलं.

मंगळवार, २ एप्रिल

मिस्त्री हत्यारांची पेटी न्यायला आला. आल्या आल्या विचारतो, "आजींचा घसा कसा आहे?"

"घशाला काय झालं?"

त्यानं पेटी खाली ठेवली आणि सांगितलं. हत्ती तीन ठोक्यांनंतर धूर सोडून बंद पडला होता. "आजींनी मला बाजूला केलं, झाकण उघडलं आणि ड्रममध्ये तोंड घालून सूर लावला. मी नुसता पाण्याचा तांब्या धरून उभा. मला वाटलं तुमचं ठरलंय."

आई मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"मग काय करणार?" ती म्हणाली. "तेव्हाही तो ऐनवेळी असाच जळाला. टेप रेकॉर्डर एका दिवसाचा. तुझे बाबा म्हणाले, पोरं हिरमुसतील. घातली दोघांनी तोंडं आत. एकाचा दम संपला की दुसरा धरायचा. संध्याकाळी तेव्हाच्या मिस्त्रीला बोलावून दुरुस्त केला, तुम्ही टेप ऐकण्यात दंग."

"सांगितलं का नाहीस कधी?"

"ते म्हणाले, पोरांना वाटू दे हत्ती गातो."

"आणि शर्टांत रेकॉर्डी घालायचे ते?"

"पुठ्ठे काय कमी होते का दुकानात? तशी तरी घरोघर पोचली." आईनं एक मोजा उलटा करून पाहिला. "आणि ती वीजबीज काही नव्हती. दोनदा हसू फुटलं आम्हाला."

भरदुपारी दुकान बंद केलं. चष्मेवालीनं इथेच ठेवलेल्या यंत्रावर रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. शेवटचं गाणं, पहिली जागा, मग दुसरी. स्पीकरला कान लावून ऐकलं.

हसतायत.